एक हलका, दोन जड

सावदा, ७ एप्रिल १९८९

आज पहाटे जाग आली ती गुरुजींच्या रुळाच्या आवाजाने. गुरुजींना जाऊन जमाना झाला. कविता शिकवताना ते टेबलावर रूळ आपटायचे. एक हलका, दोन जड. एक हलका, दोन जड. भुजंगप्रयात. सगळा वर्ग त्या ठेक्यावर डोलायचा, आणि ज्याची मात्रा चुकली त्याच्या हातावर तोच रूळ बसायचा. ते वृत्त माझ्या डोक्याच्या आधी माझ्या बोटांच्या पेरांनी पाठ केलं.

डोळे उघडले तर आवाज खाटेपाशी होता. सुगंधाने पुन्हा डावा पाय खाली सोडला होता आणि टाच जमिनीवर आपटत होती. मी उठून पाय उचलला, वर ठेवला, चादर सारखी केली. तिने माझा हात झटकला. डॉक्टर म्हणालेच होते की लकव्याच्या माणसाला चिडचिड होते, मनावर घ्यायचं नाही. मी घेत नाही.

दिवाळीनंतर चुलीपुढे बसल्या बसल्या ती कलंडली. उजवं अंग गेलं, वाचा गेली. एखादा शब्द कधी निसटतो, तोही अर्धाच. त्या दिवसापासून मी तिचं सगळं करतो. भरवतो, कूस बदलतो, केस विंचरतो. गावात लोक म्हणतात, सुकदेव नानासारखा नवरा सात जन्म मिळायचा नाही. ऐकायला बरं वाटतं, हेही लिहून ठेवतो.

त्याच आठवड्यात मी सप्तशृंगीला नवस बोललो: ही आपल्या पायाने उंबऱ्यापर्यंत चालत आली की मी वणीच्या गडावर पायी येईन. अजून ती उंबऱ्यापर्यंत आलेली नाही. खाटेखालीही आलेली नाही. तरी मी उद्या निघणार आहे. चैत्राची पुनव जवळ आली, खानदेशातून पायी जाणाऱ्यांचे जथे निघाले.

मोतीलालला सांगितलं तर तो केळीच्या पानाने वारा घेत हसला. "नाना, नवस फिटल्यावर पायी जाता लोकं. आईनं आजून जमिनीवर पाय टेकेल नही. तुमी आधीच कसे निंघाले?"

म्हटलं, "देवीला जरा आगाऊ सांगून ठेवतो."

"ती काय तहसील कचेरी हाये, आधी अर्ज टाकाले?"

पोरगा माझाच आहे. बोलणं आईचं घेतलं.

खरं लिहायचं तर देवीपेक्षा मला रस्ता हवा आहे. या खोलीत महानारायण तेलाचा वास भिंतींत मुरला आहे. ती बोलत नाही, मी बोलत राहतो. शाळेतल्या कविता म्हणून दाखवतो. ती छताकडे बघते. पाच महिने झाले, मला एकदा मोकळ्या हवेत चालायचं आहे. बायको अंथरुणावर असताना नवऱ्याने असं लिहावं! पण डायरीला तरी खोटं सांगायचं नाही असं ठरवलं आहे.


८ एप्रिल, फैजपूर

निघालो. बेबाबाईला, म्हणजे सूनबाईला, नीट समजावून सांगितलं. पेला तिच्या हातात द्यायचा नाही, सांडते. पाय खाली सोडू द्यायचा नाही, पडेल. घास हाताने भरवायचा. "तिला काही म्हणजे काही करू द्यायचं नाही," असं दोनदा सांगितलं. बेबाबाई म्हणाली, "हौ नाना, कायजी करू नका." हौ म्हणाली, पण भाकरी बांधता बांधता सासूकडे बघून म्हणाली, आणि सासूही तिच्याकडेच बघत होती.

काठी घरीच विसरलो. जुनी बांबूची, कोपऱ्यातली. परत फिरायचं नसतं म्हणून तसाच आलो.

सुगंधाला सांगितलं की गडावर जातो, तुझ्यासाठी. ती दाराकडे बघत होती, माझ्याकडे नाही.


९ एप्रिल, भुसावळच्या अलीकडे

तापीच्या पुलावर बराच वेळ उभा राहिलो. खाली पाणी कमी, वाळू जास्त, आणि वाळवंटात टरबुजांच्या वाड्या. चौथीच्या पुस्तकातली नदीची कविता मोठ्याने म्हटली. एक सायकलवाला थांबून बघायला लागला. म्हणाला, "बाबा, बरं वाटते ना?"

बरं वाटतं. तेच तर. दुपारी निंबाखाली पडलो तर असा झोपलो की स्वप्नसुद्धा पडलं नाही. घरी पाच महिन्यांत अशी झोप नव्हती. जागा झालो आणि काही क्षण सुगंधाची आठवणच नव्हती. मग ती आली. ताकाचा तांब्या कोणी पुढे केला तो तसाच परत दिला. ही काय शिक्षा झाली? पण तेवढंच सुचलं.


१० एप्रिल, जळगाव

आज जे केलं ते लिहायला हात उचलत नाही.

संध्याकाळी जळगावात एका मंदिराच्या पटांगणात टेकलो. तिथे अमळनेरकडच्या खेड्यांतला एक जथा नातेवाइकांना घेऊन पुढे जायला थांबला होता. पंधरावीस माणसं, निम्म्या बाया, भगवं निशाण लावलेली उंच काठी, आणि सगळ्यांचा पुढारी पंडित. कापसाचा शेतकरी, आवाज असा की शेताच्या एका बांधावरून दुसऱ्या बांधावरची बैलजोडी थांबवावी.

"आबा, कोठेन निंघनात?" त्याने विचारलं.

"सावद्याहून."

"केळीवाला शेतस! एकटाच? काय नवस व्हता?"

मी सांगितलं, बायकोला लकवा झाला, ती चालत उंबऱ्यापर्यंत आली की पायी येईन असं बोललो होतो.

सगळा जथा माझ्याकडे बघायला लागला. पंडितने विचारलं, "मंग? उठन्यात का माय?"

यात कठीण काही नव्हतं. नाही म्हणायचं. पण नाही म्हटलं तर पुढचा प्रश्न मोतीलालचाच येणार होता: मग तुम्ही आधीच कसे निघालात? आणि त्याचं उत्तर पंधरावीस परक्या माणसांपुढे कसं देऊ, की घरात राहवत नव्हतं म्हणून?

मी म्हणालो, "उठली."

"बठ्ठा आयका रे! आबाले देवी पावनी!" पंडित ओरडला. बायांनी हात जोडले. एकीने माझ्या पायांना हात लावला. मी पाय मागे घेतले, तर तिला वाटलं, आबा किती साधे.


१२ एप्रिल, एरंडोल

या जथ्याची एक रीत आहे. ज्याचा नवस फिटला तो निशाणाची काठी घेऊन पुढे चालतो, बाकीचे मागे. यंदा फिटलेला नवस माझा एकट्याचा. बाकी कोणी मागायला चालले आहेत, कोणी नुसतंच. म्हणून बांभोरीच्या पुलापासून काठी माझ्या हातात आहे. नको म्हटलं तर पंडित म्हणाला, "आबा, लाजू नका. तुम्हीच धरा."

काठी जड नाही. पण खांद्याला जी कळ लागली आहे ती ओझ्याची नव्हे.

ट्रक बाजूने जातात तेव्हा ड्रायव्हर हात जोडतात. मला नव्हे, निशाणाला, हे समजतं. तरी मान खाली जाते.

एरंडोलच्या तार ऑफिसातून ट्रंक कॉल लावला. आमच्या शेजारी रतिलाल शेठच्या आडतीवर फोन आहे, त्याने बेबाबाईला बोलावलं. म्हणाली, "सासूबाई बऱ्या हायेत. काल खाटेवर उठून बसल्या. मी केस विंचराले गेली तर फणी हिसकून घेतली. डाव्या हातानं सोता विंचरले, अर्धेच, पन विंचरले."

मी रागावलो. एवढं सांगून आलो होतो! "बसू कसं दिलं? कलंडली असती म्हणजे? आडवी करा तिला, आणि उशा लावा दोन्हीकडून."

बेबाबाईने सगळं ऐकून घेतलं. मग "हौ नाना."

मी चार दिवस नाही तर घरात ही बेफिकिरी. मी तिथे असायला पाहिजे होतो. आणि मी इथे निशाण मिरवतो आहे.


१३ एप्रिल

ऊन फार. पहाटे आणि संध्याकाळी चालतो, दुपारी झाडाखाली. बाया मला भाकरीचा पहिला तुकडा देतात. घशाखाली उतरत नाही, पण न खाल्ला तर विचारतील म्हणून खातो.


१४ एप्रिल, पारोळा. रामनवमी

जन्माचा गुलाल अजून कपाळावर आहे. आज खोटं वाढलं.

बाया विचारतात, मग मी सांगतो. माय आता घरात फिरतात का? फिरते. चुलीपाशी बसतात का? बसते, भाकरीसुद्धा थापते. मळ्यात गेल्या व्हत्यात का? गेली होती. केळीच्या दोन ओळींमधून, पदर डोक्यावर, एका हाताने पानं बाजूला सारत. वाकून पाण्याचा पाट बघितला, आणि म्हणाली, पाणी कमी पडतंय.

सांगताना मला ती दिसली. चालताना, वाकताना. ही सगळ्यात वाईट गोष्ट आहे. खऱ्या सुगंधाला मी खाटेवर उशा लावून ठेवून आलो, आणि इथे रस्त्यावर खोट्या सुगंधाला मळ्यातून हिंडवतो आहे, आणि ती मला आवडते आहे. माणसं ऐकतात आणि मलाही वाटतं, अजून थोडं सांगावं.

चालता चालता एक ओळ सुचली:

उभी राहिली ती पुन्हा अंगणात

मोजून पाहिली. एक हलका, दोन जड, कुठे चुकत नाही. गुरुजींनी रूळ उचलला नसता. वृत्त बरोबर आहे, गोष्टच खोटी आहे. दुसरी ओळ सुचत नाही, सुचू नयेच.


१६ एप्रिल, धुळे

पारोळा रस्त्याने शहरात शिरतो तिथे घरांच्या रांगेपुढे पायी जाणाऱ्यांसाठी पाण्याचे माठ ठेवले होते. माठापाशी एक बाई उभी होती, पस्तिशीची, हातात पाणी काढायचा डोल. पंडितने नेहमीप्रमाणे सुरुवात केली, "हाऊ आमना आबा, सावद्याना. यासना घरमा देवीनी लकवा बरा कया!"

बाईच्या हातातला डोल माठावर आपटला.

तिचं नाव सुंदरबाई. नवरा वना, दोंडाईच्याच्या मिरची बाजारात हमाल होता. मिरचीचं पोतं पाठीवर असतानाच त्याला लकवा झाला. आता धुळ्यात तिच्या भावाच्या या खोलीत राहतात. ती मला हाताला धरूनच घरात घेऊन गेली.

"आबा, खरं सांगा. किती दिनमा उठन्यात माय?"

मी काहीतरी सांगितलं.

"नवस कसा बोलनात? काय शब्द व्हतात?"

शब्द मात्र खरे सांगितले.

खाटेवरून वना बघत होता. हाडाचा मोठा माणूस, तोंड एका बाजूला गेलेलं, पण डोळे मिस्कील. "आबा, तुमनी देवी हमालले पावस का? का फक्त केळीवाल्यास्ले?"

"चूप ऱ्हा," सुंदरबाई त्याच्यावर खेकसली आणि माझ्याकडे वळली. "एक दिन आड याले हातगाडीवर टाकीसन दवाखानामा लयी जास मी. त्या याले उभा करतस. हाऊ पडस. मंग परत उभा करतस. माले देखावत नही आबा. आते बंद. दवाखाना बंद, मालिश बंद. मी भी पायी जासू."

म्हटलं, दवाखाना कशाला बंद करतेस, दोन्ही कर. ती म्हणाली, "तुम्ही कया व्हता का दवाखाना?" आम्ही डॉक्टरांच्या गोळ्या दिल्या होत्या, पण दवाखान्यात नेऊन उभं करणं वगैरे नाही. सुगंधाला इजा होईल म्हणून मीच नाही म्हणालो होतो. हे मी खरं खरं सांगितलं, आणि ते खरं उत्तरच सुंदरबाईला हवं होतं. "देखा!" ती वनाला म्हणाली.

पायाला फोड आले आहेत. सुंदरबाई म्हणते, पाय बरे होईपर्यंत इथेच राहा, तुमचा हात याच्या डोक्यावर राहू द्या.

संध्याकाळी घरी फोन लावला, इथला पत्ता लिहून घ्यायला सांगितलं. बेबाबाई काहीतरी सांगायला गेली आणि थांबली. मग म्हणाली, "सासूबाईंनी तुमची बांबूची काठी मागून घेतली. कोपऱ्याकडे बोट दाखवत व्हत्या, दोन दिवस."

काठी कशाला हवी असेल? मांजर येतं खिडकीतून, त्याला हाकलायला असेल पडल्या पडल्या. म्हटलं, द्या.


१७ एप्रिल, धुळे

जथा आज पहाटे मालेगावच्या रस्त्याला लागला. फोडांचं निमित्त करून मी मागे राहिलो. पंडितच्या हातात निशाण देताना त्याचा चेहरा उतरला. "आबा, फोड फुटनात की एस्टीमा बसा आणि नांदुरीले भेटा. गड चढताना काठी तुमनाच हातमा." मी मान हलवली. आणखी एक खोटं. पण काठी हातातून गेली आणि पहिल्यांदा खांदा हलका झाला.

सुंदरबाई दवाखान्यात जायला तयार नव्हती. मीच म्हटलं, आजचा दिवस नेऊ, मी गाडी ढकलतो. निदान एवढं तरी करावं.

तिथे दोन लोखंडी दांड्यांच्या मध्ये वनाला उभं केलं. मदतनीस बाजूला झाला. एवढा धिप्पाड माणूस थरथरत उभा. पाय पुढे टाकायला गेला आणि कोसळला, गुडघ्यावर. मी धरायला धावलो तर मदतनीसाने मला दंडाला धरून मागे ओढलं. "बाबा, तुम्ही नका हात लावू. त्याला उठू द्या." वना रडत होता, शिव्या देत होता, आणि दांडी धरून उठत होता. सुंदरबाई भिंतीकडे तोंड करून उभी.

परत येताना हातगाडीवरून वना म्हणाला, "आबा, पडस ना मी, ते बरं वाटस. खाली जमीन लागस. घरमा हाई माले पडूच देत नही." त्याने बायकोकडे बोट केलं. "खाटलावर पडी पडी माणूस मरी जास."

ताप असावा त्याला. आजारी माणसाच्या बोलण्याचं काय धरायचं? तरी ते वाक्य गाडीच्या चाकासारखं दिवसभर कुरकुरतं आहे.

सुंदरबाईने परतल्यावर सांगून टाकलं, "आजना शेवटना दवाखाना. आते देवी."


१८ एप्रिल, धुळे

दुपारी फोन लावला. रतिलाल शेठ आडतीवर नव्हता, कोणी नवा हमाल होता. म्हणाला, "नानाच्या घराले कुलूप हाये. सकायपासून."

कुलूप? तिला घेऊन कुठे जातील? मी विचारलं, म्हातारीला गाडीत घालून नेलं का कुठे? दवाखान्यात? तो म्हणाला, मला ठाऊक नाही बापा, मी आजच लागलो. लाईन तुटली. पुन्हा लावली, कोणी उचललं नाही.

तार ऑफिसच्या पायरीवर बसलो. जे मनात आलं ते लिहितो. देवीच्या नावाने मी आठ दिवस खोटं बोललो, आणि देवीने हिशोब माझ्याशी न करता तिच्याशी केला. मी रस्त्यावर तिला चालवत होतो, तिकडे ती गेली. आता सात जन्म कोणाचे आणि कशाचे.

सुंदरबाईच्या घरी परतलो तर ती तांब्याच्या गडव्याला हळद-कुंकू लावत होती. नवस बोलायची तयारी. वना खाटेवर तोंड फिरवून पडला होता.

मी उंबऱ्यात उभा राहूनच म्हणालो, "बाई, माझी बायको उठलेली नाही."

तिला वाटलं, फोनवरून काही कळलं. "परत पडन्यात का?"

"कधी उठलीच नव्हती. मी निघालो तेव्हा खाटेवर होती. भाकरी, मळा, सगळं मी रचलं. नवस फिटण्याच्या आधीच मी निघालो, आणि ते सांगायची लाज वाटली."

गडवा तिच्या हातात होता. तो तिने खाली ठेवला, जपून, जसा भरलेला ठेवतात.

"मंग इतला दिन काय सांगी राहिंतात तुम्ही?" ती ओरडली नाही, त्याने जास्त लागलं. "देवीनं नाव लिसन? मना मालकना डोकावर हात ठेईसन?"

मी उंबऱ्यातच खाली बसलो.

"मी हाऊ गडवा तुमनं बोलणं खरं मानीसन उचलेल व्हता, आबा." आणि मग ती रडायला लागली. रागाने नाही. माझ्या बायकोचं चालणं मोडलं म्हणून रडत होती, जशी खरोखरच कोणी चालती बाई पडली.

खाटेवरून वनाचा आवाज आला, "चला. बरं व्हयनं. उद्या दवाखाना शे ना मंग?"

तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "शे."

मला जेवायला वाढलं. उद्या सकाळची एस्टी धरून निघतो. काय बघायला मिळेल ते मिळेल. गड राहिला. गडावर जायचं तोंड नाही.


१९ एप्रिल, धुळे

पिशवी भरून खाटेच्या टोकाला बसलो होतो. सुंदरबाई दाराबाहेर हातगाडीवर गोधडी अंथरत होती, माझ्याकडे न बघता. जाताना काय बोलावं हे मनात जुळवत होतो, जुळत नव्हतं.

तेवढ्यात गल्लीतून आवाज आला.

एक हलका, दोन जड.

वाटलं, झोप नाही म्हणून कानात भरलं. पुन्हा आला. हलका म्हणजे काठीसारखा, टक्. मग एक पाय, सावकाश. मग दुसरा, जमिनीवरून ओढत आणलेला, लांब. थांबला. पुन्हा टक्, आणि दोन जड. गुरुजींच्या टेबलावरचाच ठेका, फक्त इतका हळू की मध्ये एक अख्खी ओळ म्हणून व्हावी.

बाहेर सुंदरबाईने विचारलं, "कोन पाह्यजे, माय?"

मग एक आवाज आला, घासून घासून बाहेर काढलेला, "सु... सुकदेव."

चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या संसारात तिने माझं नाव कधी घेतलं नव्हतं. दिवाळीपासून तर तिचा एक पुरा शब्द मी ऐकला नव्हता.

मी उठून दारात आलो.

गल्लीच्या तोंडाशी आमच्या केळीचा ट्रक उभा होता. मोतीलाल तिच्या मागे चार पावलं सोडून उभा होता, दोन्ही हात मागे बांधून, कोणीतरी बांधायला लावल्यासारखे. मला बघून म्हणाला, "नाना, आईनं ऐकलं नही. तुमी गेल्यापासून खाटीवर राहतेच कुठी? तुमाले सांगू नको म्हणे बेबाबाई, रागावता म्हणून. काल दिवसभर मयात बसेल व्हती, गाडी भरेपर्यंत. घराले कुलूप लावून बठ्ठे तिथीच. म्हणे, धुय्याले जाते ना गाडी? चाल मंग."

मळ्यात बसली होती. काल, मी पायरीवर बसून ती गेली असं समजत होतो तेव्हा.

केस अर्धेच विंचरलेले. उजवा हात कुशीत दुमडलेला. डाव्या हातात माझी बांबूची काठी. ती माझ्याकडे बघत होती. छताकडे नाही, दाराकडे नाही. त्या नजरेत काय होतं ते मला अजून नीट लिहिता येत नाही. राग होता. आणि दुसरंही काही होतं, ते मी पाच महिने वाचलं नाही.

सुंदरबाई एकदा तिच्याकडे बघे, एकदा माझ्याकडे. तिने ओळखलं. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आबा, आज तरी खरं सांगा. खोटं काल बोलनात का परवा?"

आत खाटेवर वना हसत सुटला होता, वाकड्या तोंडाने, खोकला येईपर्यंत.

तोवर सुगंधा उंबऱ्यापाशी आली होती. दुसऱ्याचा उंबरा, चांगला वीतभर उंच. तिने काठी पलीकडे टेकवली, डावा पाय वर ठेवला आणि उजवा अलीकडे अडकला. ती डुलली. माझे दोन्ही हात आपोआप पुढे गेले, तिच्या काखेत घालायला, उचलायला, जसे रोज जातात.

तिने काठी उचलली आणि माझ्या बोटांच्या पेरांवर मारली.

फार जोरात नाही. मात्रा चुकल्यावर बसायची तेवढीच. पण काठी उचलली म्हणजे तेवढा वेळ ती उंबऱ्यावर कशाच्याही आधाराशिवाय उभी होती. मी हात मागे घेतले. कुठे ठेवावेत कळेना म्हणून मीही पाठीमागे बांधले.

तिने काठी पुन्हा टेकवली, उजवा पाय ओढून उंबऱ्यावरून आत घेतला, आणि माझ्या अंगावरून पुढे जाऊन वनाच्या खाटेशेजारी उभी राहिली.